बिगूलवाल्या सावंतांची रजा

विषय: आमच्या आखाती देशातल्या कंपनीचे वॉचमन श्री. सावंत, माजी लष्करी बिगूलर, यांचा आठ दिवसांच्या रजेचा अर्ज.

जर्मनीतल्या एका शहरात दरवर्षी देशोदेशींच्या लष्करी बँडचा महोत्सव भरतो. त्या वर्षी सावंतांच्या जुन्या पलटणीचा बँड तिथे जाणार होता आणि त्यातले दोन बिगूलर सावंतांनीच घडवलेले. "माझी पोरं वाजवताना एकदा बघायचीत, साहेब," ते म्हणाले. ऑफिसातला क्लार्क म्हणून अर्ज मी टाइप केला. छापील फॉर्मवर रजेची कारणं तीनच होती: लग्न, मृत्यू आणि हज. चौथं मी हातानं लिहिलं, बँड.

आमच्या लेबनानी मॅनेजरनं कागद वाचला. "हबीबी, फौज में बाजा? दुश्मन नाचेगा क्या?"

सावंत पेटले. खोलीवरून बिगूल आणून त्यांनी मुहैस्नाह भागातल्या कंपनीच्या यार्डात 'गोळा व्हा'चा इशारा फुंकला. आमचे सगळे वॉचमन माजी सैनिक. तीन मिनिटांत अकरा जण आपापली गेटं उघडी टाकून धावत आले आणि रांगेत उभे राहिले. ड्यूटीवर नसलेला एक जण तोंडाला दाढीचा साबण लावूनच आला.

मॅनेजर बघतच राहिला. मीटिंगला हीच माणसं त्याला दोन वर्षांत कधी वेळेवर मिळाली नव्हती.

"सावंत, तुम तो बहुत काम का आदमी!"

"तो छुट्टी, सर?"

"छुट्टी? तुम जाएगा तो इनको कौन बुलाएगा?"

मी मध्ये पडलो, तेव्हा मॅनेजर म्हणाला, "इन्शाल्ला, देखेगा."

तो महोत्सव झाला, पुढचे चारही झाले. मी निवृत्त झालो त्या दिवशी अर्ज विचाराधीन होता.