बँड सांगायचा

अलिबाग स्टँडवर माणगावच्या गाडीसाठी वल्लरी रांगेत उभी होती. पुढे एक निवृत्त सुभेदार आणि त्यांची बायको, काखेत एमआरआयचं मोठं पाकीट. ऐकायचं नाही असं ठरवूनही वल्लरीचे कान तिकडेच होते.

"मी बाहेर व्हते. आता नीट सांगा, डाक्टर काय बोलले?"

"लढाईच्या ताणानं मेंदूतला आठवणींचा भाग आकसला व्हता. उपचारांनी थोडा भरलाय म्हनाले."

"भरलाय? खरंच?"

"फोटोत दिसतंय. रडतेस कशापायी?"

"रडत न्हाय. मग आता फटाका वाजला तर?"

"दचकेन. पन पलंगाखाली न्हाय शिरनार."

"प्राप्तीच्या लग्नात बँड नको म्हनून मी कळवून आलेय."

"परत कळव. बँड हाय, ढोलासकट."

"अहो, पोरगी आपनहून नको म्हनाली. तुमच्यासाठी."

"म्हनूनच! बापाच्या मेंदूपायी पोरीचं लगीन मुकं न्हाय व्हायचं. मी सोता नाचनार."

वल्लरीनं हसू लपवायला तोंडावर ओढणी धरली.

"नाचा की. पन माझ्या पायावर पाय देऊ नका, भावजींच्या हळदीत दिला व्हता तसा."

"त्यो भाग डाक्टरांनी तपासलाच न्हाय."