आईबाबांना इथली हवा मानवते

(ट्रॉय, मिशिगन. बाहेर बर्फ. सुलभाच्या मांडीवर नातू नकुल झोपलेला. समोर लॅपटॉप घेऊन तिची मुलगी आसावरी.)

आसावरी : हसतेस काय आई? खरे आकडे आहेत हे! इथल्या मराठी मंडळातल्या घराघरांतून फॉर्म भरून घेतलेत मी.

सुलभा : बरं बाई, वाच पुन्हा.

आसावरी : इथे राहणारे आम्ही, धडधाकट माणसं, वर्षभर डॉक्टरकडे चकरा मारतोय. आणि भारतातून काही महिन्यांसाठी आलेले आईबाबा, बीपीवाले, शुगरवाले, त्यांच्यातलं जवळजवळ कुणीच गेलेलं नाही. उलटं असायला हवं ना?

सुलभा : मग तू काय अर्थ काढलास?

आसावरी : नातवंडं, मोकळी हवा, नो टेन्शन! शनिवारी मंडळात प्रेझेंट करतेय. टायटलसुद्धा ठरलंय, 'आईबाबांना इथली हवा मानवते.'

सुलभा : अगं, फॉर्म भरले कुणी?

आसावरी : आम्हीच. म्हणजे मुलांनी, सुनांनी.

सुलभा : तरीच.

आसावरी : तरीच काय?

सुलभा : मॉलमध्ये चालायला आमचा घोळका जातो ना, त्यातल्या त्र्यंबकरावांचा पाय कधीचा सुजलाय. मुलाला पत्ता नाही. प्रवासाच्या विम्यात जुनी दुखणी बसत नाहीत, पोराच्या खिशाला उगाच खड्डा कशाला, म्हणतात. शोभनाताई चक्कर येऊन बाथरूममध्ये पडल्या. सुनेला सांगितलं, पाय घसरला. आमचा दवाखाना मॉलच्या बाकावर चालतो गं. ज्याच्याकडे जी गोळी जास्त, ती तो दुसऱ्याला देतो.

आसावरी : एकमेकांची औषधं खाता? आई, आर यू सीरियस?

सुलभा : ओरडू नकोस, उठेल तो.

आसावरी : तूही?

सुलभा : चहा टाकतेस का जरा?

आसावरी : चहा राहू दे. तुझ्या बीपीच्या गोळ्या कुठायत?

सुलभा : आहेत की.

आसावरी : कुठून असतील? तू तीन महिन्यांच्याच आणल्या होत्यास. मग माझं ऑफिस सुरू झालं म्हणून मी तुझं तिकीट पुढे ढकललं... अरे देवा. मला सुचलंच नाही.

सुलभा : त्र्यंबकरावांनी एक स्ट्रिप दिली होती. अर्धी अर्धी करून पुरवली. मागच्या आठवड्यात तीही संपली.

आसावरी : आणि मला रोज 'बरी आहे' म्हणत होतीस! का गं असं?

सुलभा : सांगितलं असतं तर तू लगेच मला परत पाठवलं असतंस. मग ह्याला कुणी बघायचं? आणि तू तरी मला कुठे सगळं सांगतेस? पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा तुला हॉस्पिटलात ठेवलं होतं, ते मला तू घरी आल्यावर कळलं. फोनवर आपली म्हणायचीस, मजेत आहे.

आसावरी : तू घाबरली असतीस तिकडे.

सुलभा : हो ना. आम्हीही तेच करतो इथे.

आसावरी : आई, मला खूप भीती वाटतेय. खरं सांग, आत्ता कसं वाटतंय तुला?

सुलभा : नकुलला आधी घे माझ्याकडून. मघापासून हाताला मुंग्या येतायत.

आसावरी : मघापासून? मग बोलली का नाहीस?

सुलभा : तू इतक्या हौसेनं वाचत होतीस गं.