अप्पांच्या हसण्याची डावी बाजू

हॅलो?… हो, अवंतिकाच. बोल की आई… कामच चाललंय. भुवयांना सहा, पापण्यांना चार, गालांना दोन, ओठांना आठ. वीस झाले… अगं टाके नव्हेत! कॉम्प्युटरमधल्या पैलवानाचा चेहरा हाय. कळसूत्री बाहुलीला दोऱ्या असतात ना, तसं. एक ओढली की तेवढाच भाग हलतो. तेच तर शिकतेय इथं राजारामपुरीत.

काय?… न्हाय म्हणाले? उद्या दहावीच्या निरोप समारंभाला?… अगं, तीस वर्षं शाळेत माइक अप्पांच्याच हातात असतोय!… हो, हो… वाकड्या तोंडाला कोण हसतंय?… आई, ऐक ना. चेहऱ्याची नस सुधारतेय म्हणाले ना डॉक्टर?… काही फरक नाही असं कोण म्हणतंय? स्पीकरवर टाक.

अप्पा, मोजलंत का?… मग कशावरून फरक नाही? ‘मोजल्याशिवाय बोलू नका’ म्हणून अख्ख्या कुरुंदवाडला तुम्हीच दटावलंय की!… आरसा कशाला? रोज बघणाऱ्याला आरशात काय कळणार? गेल्या महिन्यात मी मोजलेलं. हसताना ओठाचा उजवा कोपरा अकरा मिलिमीटर वर जात होता, डावा दोन… व्हय, दोनच. आज किती भरलं तर माइक धरणार, बोला… पाच? आई, तू साक्षीदार हं!

आई, दोन टिकल्या आण. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना एकेक… अप्पा, हलायचं नाही. कुणी बघत नाही… गालाशी फूटपट्टी उभी धर. तोंड मिटून एक फोटो… आला. आता हसताना… अप्पा, हे हसू नव्हं, दात दाखवणं झालं. उजवा डोळासुद्धा बारीक झाला नाही!

थांबा, तुमच्या फोनवर एक व्हिडिओ पाठवते. परवा केलेला घोळ हाय. आधी मी पैलवानाची उजवी बाजू केली आणि तीच उलटवून डावीकडं लावली. नुसता प्लास्टिकचा हसायचा. मग तुमचे तोंडाचे व्यायाम आठवले. दोन्ही बाजूंना वेगवेगळं हलू दिलं, तेव्हा कुठं माणसासारखा दिसायला लागला… हो, तुमच्यामुळंच. पण त्या नादात त्याची मिशी चुकून भुवयांना बांधली गेली… गेला का? लावा. आई, तू फोटोला तयार राहा…

भुवया उडवतोय बघा… चढली ना मिशी कपाळावर?… अप्पा!… अहो, श्वास घ्या!… आई, तू काय हसत बसलीस? फूटपट्टी उचल! काढ, काढ फोटो, थांबतील नाहीतर!

आला… गप्प बसा दोघंही जरा… अंदाज नको अप्पा, मोजतेय ना… परत एकदा बघते… हं. बॅटरी चाललीय माझी, आकडे ऐका, ठेवते.

उजवा अकरा. डावा सात.