पाकिटाचा काप

(गावचा दवाखाना. टेबलाशी सिस्टर धम्मशीला. समोर मेंढ्या राखणाऱ्या भिवराबाई.)

धम्मशीला : लाजू नका मावशी. नवा फॉर्म आलाय, सगळ्यांनाच विचारायचंय. हे वाक्य मोठ्यानं वाचा.

भिवराबाई : चष्मा घरी राह्यला.

धम्मशीला : वा! सकाळपासून तुम्ही नवव्या. अख्ख्या गावाचे चष्मे आज घरी बसलेत.

भिवराबाई : बसू द्या की. थंडी हाय भाईर.

धम्मशीला : बरं, मीच वाचते. 'ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी हे वाचून खाली खूण करावी.'

भिवराबाई : अगं माय! लिव्हणारा लय शिकेल दिसतो.

धम्मशीला : हसण्यावारी नेऊ नका. परवा पिंगळीच्या रेल्वे फाटकापाशी चक्कर येऊन पडलात. मालगाडी हातभरावरून गेली. बीपीची गोळी दिवसातून एकदा सांगितली होती ना?

भिवराबाई : म्या दोनदा घेतली. पाकिटावर व्हतं तसं.

धम्मशीला : पाकिटावर? पण तुम्हाला तर...

भिवराबाई : वाचता येत न्हाई. बोला की, अडलात कशाला? साठ मेंढरं हायेत माझी. एकदा व्याली की कानाला एक काप, दोनदा व्याली की दोन. तुमच्या औषधवाल्यानं पाकिटाला दोन काप देले.

धम्मशीला : अहो, त्याची कात्री बोथट! पाकीट एका दमात कापत नाही मेली.

भिवराबाई : ते मला कसं कळावं? आमच्यात उगं कुणी कान कापीत न्हाई.

धम्मशीला : मी 'समजलं का' विचारलं तेव्हा मान डोलावलीत.

भिवराबाई : मागून रांग ढकलायलेली, म्होरं तुमी घड्याळ बघायलेल्या. न्हाई म्हणाया तोंड कुठलं आणू? लाज वाटली, बाई. मरायची भीती बी इतकी वाटली न्हाई.

धम्मशीला : ...चुकलंच माझं. थांबा, माझी कात्री घेते. या नव्या पाकिटाला कुठं देऊ काप?

भिवराबाई : उजव्या कोपऱ्याला. एकच.

धम्मशीला : हा घ्या. आता तुम्हीच सांगा, उद्या काय करणार?

भिवराबाई : मेंढरं सोडायच्या आधी एक गोळी. सांजच्याला न्हाई.

धम्मशीला : शाब्बास! मग फॉर्मात काय लिहू? वाचता येतं का?

भिवराबाई : मला येतच व्हतं. लिव्हता तुमाला आज आलं.