मुक्ताची दोन किलोमीटरची शर्यत

मला सांगा, लेक शर्यतीत शेवटची आली तर काय, या काळजीनं कुणाची झोप उडते का? माझी उडाली. राजगडाच्या पायथ्याशी, पालीला मुलांसाठी दोन किलोमीटरची डोंगरवाटेची शर्यत होती. मुक्ता सहा वर्षांची आणि हरली की दिवसभर जेवत नाही. म्हणून मीही तिच्यासोबत पळाले.

धुक्यात राजगड दिसत नव्हता, आहे असं नुसतं वाटत होतं. पहिल्याच वळणावर बाकीची मुलं त्यात विरघळून गेली. आम्ही दोघी भाताच्या बांधावरून धापा टाकत निघालो. खाचरात एक आजोबा उभे होते.

"कुणी मागं लागलंय व्हय?"

"नाही हो आजोबा, शर्यत आहे."

"मग बाकीची पोरं कुठं हायेत?"

"पुढं गेली."

"गेली न्हवं? मग आता कशापायी पळताय? बसा की जरा."

मी नको म्हणेपर्यंत मुक्ता बांधावर बसलीसुद्धा. आजोबांनी तिला खेकड्याचं बीळ दाखवलं. धुकं हळूहळू वर सरकलं, लोंब्यांवरचं पाणी चमकायला लागलं आणि खरं सांगते, मीही घड्याळ विसरले.

पोचलो तेव्हा शर्यतीची कमान उतरवून टेम्पोत टाकत होते. मुलं पोहे खाऊन परतीच्या गाडीत बसली होती. मी गुडघ्यांवर बसले आणि तयार करून आणलेलं भाषण सुरू केलं, "हे बघ बाळा, शेवटचं येणं म्हणजे काही..."

मुक्ता गाडीकडेच बघत होती.

"आई, त्या सगळ्यांचं किती लवकर संपलं गं. बिच्चारे!"