भर दुपारचं क्लोरीन

दुकानाच्या रांगेत एका प्लंबरच्या पुढे एक सासू आणि तिची सून क्लोरीनचा डबा घेऊन उभ्या होत्या.

"आई, या वेळी पाण्याला शॉक द्यायचा, म्हणजे एकदम भरपूर क्लोरीन टाकायचं, ते सूर्य मावळल्यावर. उन्हात टाकलं की सगळं क्लोरीन उडून जातं."

"माहीत आहे मला."

"मग दर वेळी भर दुपारी का टाकता? घरामागचा स्विमिंग पूल बघा, हिरवागार झालाय. हे रोज माझ्यावर चिडतात."

"हिरवाच बरा."

"बरा कसा? परवा या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहलात, पोरांनी टाळ्या वाजवल्या. स्वच्छ पाण्यात किती छान दिसेल."

"तेच तर नकोय. पोहले कुठे गं मी? चालत गेले. वरून हात तेवढे मारले."

"पाय टेकून?"

"टेकून. हसतेस काय?"

"आई, लग्न झाल्यापासून मीही तशीच पोहते."

"अगं बाई. मग ठेव तो डबा परत."

"नको. आज संध्याकाळी टाकू. पाणी निवळलं की दोघी पाय उचलून बघू."

"आणि बुडायला लागलो तर?"

"तर टेकायचे."

रांग पुढे सरकली. मागे सगळं ऐकणारा प्लंबर हसत तिथेच उभा राहिला.