चार पानं

सून : बाबा, या कुंडीतून सुपाचा वास का येतोय?

सासरे : कोणत्या कुंडीतून?

सून : खिडकीत एकच कुंडी आहे.

सासरे : माती जुनी झाली असेल.

सून : मातीत गाजराचा तुकडा आहे.

सासरे : गाजर मातीतच असतं.

सून : शिजवलेलं नसतं. बाबा, मी आणलेलं सूप तुम्ही झाडाला घालता?

सासरे : सगळं नाही. थोडं मी घेतो, थोडं त्याला देतो. एकट्याने काय खायचं.

सून : आणि मी आपली दर रविवारी रिकामा डबा बघून खूश. घरी जाऊन ह्याला सांगते, बाबांनी अगदी चाटूनपुसून खाल्लं.

सासरे : चिडू नकोस. झाडाची काही तक्रार नाही.

सून : झाडाची पानं गळलीत.

सासरे : हो, ते आहे.

सून : आणि तुमचा सदरा बघा, खुंटीवर अडकवल्यासारखा दिसतोय अंगावर. म्हणून तर आज बोलायचं ठरवून आलेय. आम्ही मागची खोली रिकामी केलीय. तुमची खाट तिथे बसते, मापून बघितली. इथली ही जागा सोडून द्यायची. हा म्हणाला, आज बाबांकडून हो म्हणवूनच ये.

सासरे : तो स्वतः का नाही आला?

सून : तुमच्यासमोर त्याची बोबडी वळते. लहानपणी निबंधात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की तुम्ही लाल पेन्सिल काढायचात, ती त्याला अजून दिसते.

सासरे : अजून चुकतोच. परवा मोबाइलवर पाठवलंन, 'तुम्ही जेवलात'. पुढे प्रश्नचिन्ह नाही. मला वाटलं, सांगतोय. मग नाही जेवलो.

सून : जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्यात, आता पोराच्या काढा. खरं सांगा, माझं सूप वाईट असतं का?

सासरे : वाईट कसं म्हणू? तू एवढ्या लांबून घेऊन येतेस, बसमध्ये मांडीवर धरून.

सून : हे उत्तर नाही झालं.

सासरे : कडू असतं.

सून : कडू?

सासरे : काढ्यासारखं. तुझ्या हातचं पहिल्यांदा प्यायलो ना, तेव्हा तुमचा जिना उतरताना ही मला म्हणाली, पोरीला पानांची हौस दिसते, पण तुम्ही तोंड उघडायचं नाही. म्हणून आजवर उघडलं नाही.

सून : मला कसली पानांची हौस? आईंनीच तर सांगितलं होतं. फोनवर. माझ्या कानात आहे अजून. कांदा परत, गाजर घाल, बटाटा घाल, पाणी, मीठ, झाकण ठेव, आणि मंद आचेवर चार पानं. मी विचारलंसुद्धा, चारच? तर म्हणाल्या, बटाटा जुना असला तर पाच.

सासरे : आणि मग तू काय केलंस?

सून : काय करणार, चार तमालपत्रं घातली. बटाटा जुना असला की पाच. दुकानदार मला विचारतो, घरी कोणाला खोकला झालाय का. हसताय काय?

सासरे : थांब. बसू दे मला जरा. अरे देवा.

सून : बाबा, पाणी देऊ?

सासरे : नको, नको. हिला हे कळायला हवं होतं गं. पोट धरून हसली असती. अगं पोरी, झाडाची पानं नव्हेत ती. पुस्तकाची.

सून : पुस्तकाची पानं सुपात?

सासरे : सुपात नाही. सूप गॅसवर ठेवायचं आणि मी वाचायला बसायचं. चार पानं वाचून झाली की सूप झालं. भात दोन पानांचा. अंडी उकडायला एक पान आणि वर एक परिच्छेद. या स्वयंपाकघरात घड्याळ होतंच कुठे? ते बाहेरच्या खोलीत, आणि तेही पुढे पळतं.

सून : पण मला कधी दिसला नाहीत तुम्ही इथे वाचताना.

सासरे : तुम्ही आलात की पुस्तक बंद. नवराबायकोचं वाचन चारचौघांत करायचं नसतं, असं हिचं मत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर हिला अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा सुरू झालं हे. मी या स्टुलावर, ही तिथे, तू उभी आहेस तिथेच. बाहेरून कोणी बघितलं असतं, तर म्हणालं असतं, म्हातारा भांड्याला गोष्ट सांगतोय.

सून : तुम्ही अजून 'ही' म्हणता आईंना.

सासरे : मग काय म्हणू?

सून : काही नाही. आम्ही सगळे 'त्या' म्हणायला लागलो, म्हणून म्हटलं.

सासरे : 'ती' म्हटलं की माणूस लांब गेल्यासारखं वाटतं. 'ही' म्हटलं की इथेच कुठेतरी, डबे लावत असेल.

सून : मग असंच म्हणत जा. बाबा, घरात बटाटे आहेत का?

सासरे : टोपलीत असतील. कोंब आले असतील त्यांना.

सून : कोंब काढता येतात. गाजरं मी आणलीयत, कांदे दिसतायत. आज सूप इथेच करू. पानं घालून. म्हणजे, तुमची पानं. पुस्तक कुठेय?

सासरे : राहू दे. तू केलेलं आणलंयस ना डब्यात, ते घेतो मी थोडं.

सून : ते मी आता झाडालाही देणार नाही. कुठेय पुस्तक?

सासरे : मिठाच्या बरणीमागे.

सून : हे? याला तर सगळीकडे तेलाचे डाग आहेत. आणि आत हे काय, कांद्याचं साल?

सासरे : ते काढू नकोस. खूण आहे ती. हिच्या हाताशी जे असेल, ते ही खुणेला ठेवायची.

सून : नाही काढत. किती पातळ आहे, आरपार दिसतंय. इथपर्यंत आला होतात?

सासरे : इथपर्यंत. सूप झालं होतं. ही म्हणाली, राहू दे आता, उरलेलं उद्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ही गेली.

सून : तेव्हापासून उघडलंच नाहीत?

सासरे : हेच काय, कुठलंच नाही. आणि वाचल्याशिवाय शिजवायचं म्हणजे किती वेळ, हे मला समजतच नाही. एकदा बटाटे लावले, तर ते करपून कोळसा झाले. तेव्हापासून दूध-पाव.

सून : आम्हाला वाटलं, तुम्हाला भूकच लागत नाही.

सासरे : भूक लागते गं. जेवण होत नाही. जाऊ दे. कांदा बारीक चीर, ही बारीक चिरायची.

सून : चिरते. आणि आज मी वाचते. कशाचं आहे हे?

सासरे : एका होडीवाल्याचं. लोकांना नदीपार नेऊन सोडतो. मग एका संध्याकाळी परत येताना धुक्यात सापडतो. काठावर त्याची बायको घंटा वाजवत बसलेली आहे, त्या आवाजाच्या रोखाने तो वल्हवत येतोय. ही म्हणायची, बघा, धुकं आपल्याकडेही आलं. भांड्यातली वाफ जमून काचा पांढऱ्या व्हायच्या ना, ते. खिडकीबाहेरचं काही दिसायचं नाही. रस्ता नाही, समोरचं घर नाही. मला खरंच वाटायचं, उठून दार उघडलं तर पाणी असेल.

सून : मग दार उघडून बघितलंत कधी?

सासरे : छे. नसलं तर?

सून : झालं, झाकण ठेवलं. आच बारीक केली. आता चार पानं. सालाच्या मागची घेऊ ना? पुढची नको?

सासरे : मागची. पुढची नको.

सून : 'संध्याकाळ झाली होती नदीवर धुकं उतरलं होतं पलीकडचा काठ दिसत नव्हता होडीवाल्याने वल्ही उचलली तेव्हा...'

(चार पानांनंतर. झाकण उचलल्याचा आवाज.)

सून : बटाटा कच्चा आहे. सुरी जात नाहीये आत.

सासरे : जाणारच नाही. तू चार पानं वाचली नाहीस, चार पानं पळालीस.

सून : दिवसभर फोनवर लोकांना अटी आणि नियम वाचून दाखवते मी. त्यांनी ऐकू नये, अशाच बेताने वाचायचे असतात ते.

सासरे : स्वल्पविरामाला श्वास घ्यायचा. पूर्णविरामाला थांबायचं, शेवटचा शब्द खाली बसेपर्यंत. परिच्छेद संपला की ही ढवळायची. संवादांचं पान आलं तर ते अर्धंच धरायचं, ओळी आखूड असतात. अशी चार पानं. तेवढ्यात बटाटा शिजतो.

सून : म्हणजे आईंची चार पानं तुमच्या तोंडची होती. माझ्या तोंडची नाहीत.

सासरे : तसंच म्हणावं लागेल.

सून : मग घ्या, वाचा.

सासरे : माझा चष्मा.

सून : कपाळावर आहे.

सासरे : मागचंच वाचतो परत.

सून : मागचं मी आत्ताच वाचलं. कसंही असलं तरी वाचलं. बाबा, त्या सालाच्या पुढे काय आहे?

सासरे : मला माहीत नाही. पान संपताना शेवटची ओळ आहे, 'मग घंटा थांबली, आणि त्याने'. बास. वाक्य अर्धं राहिलंय. दुसऱ्यांना आयुष्यभर सांगत आलो, वाक्य अर्धं सोडू नका. आणि मी हे सोडून बसलोय. पान उलटलं की झालं, एवढंच काम आहे.

सून : मग उलटत का नाही?

सासरे : या पानापर्यंत आम्ही दोघं आहोत, म्हणून. पुढचं हिने ऐकलेलं नाही. मी पुढे गेलो, की ही इथेच राहिली. धुक्यात, कांद्याच्या सालाशी. मला नाही जमत ते, पोरी. मला तिला मागे ठेवून जाता येत नाही.

सून : तुम्ही 'तिला' म्हणालात.

सासरे : म्हणालो का? बघ. पुस्तक नुसतं हातात घेतलं, तर लांब गेली.

सून : बाबा, इकडे बघा. आई म्हणाल्या, उरलेलं उद्या. पुरे, असं नाही म्हणाल्या. त्यांनाही पुढचं ऐकायचंच होतं की. आणि मला हो? मी एवढा वेळ पळत पळत त्या माणसाला नदीच्या मध्यावर नेऊन सोडलंय. तो घरी पोचतो की नाही, हे कळल्याशिवाय मी बसमध्ये कशी बसू? तुम्ही एकटे कुठे जाताय पुढे? मी उभी आहे ना इथे, त्यांच्या जागेवर.

सासरे : पळी घे हातात.

सून : घेतली.

सासरे : ते साल जपून काढ. चुरा होईल. बशीत ठेव. ठेवलंस?

सून : ठेवलं.

सासरे : 'मग घंटा थांबली, आणि त्याने...'

सून : उलटा, बाबा.

सासरे : 'आणि त्याने वल्ही आत घेतली.' पूर्णविराम.

सून : पूर्णविराम असं लिहिलंय?

सासरे : नाही, सवय आहे. छापखान्यात ते मोठ्याने म्हणायचं असतं. हीसुद्धा पहिल्या दिवशी हसली होती. 'धुक्यात आवाज थांबला की माणूस आधी घाबरतो, आणि मग ऐकायला लागतो. पाणी होडीला हळूहळू थापटत होतं, एका बाजूला जरा जास्त. काठ त्या बाजूला असतो, हे बायकोनेच त्याला कधीतरी जेवताना सांगितलं होतं. तेव्हा त्याने नीट ऐकलं नव्हतं. आता ते त्याला शब्दन् शब्द ऐकू आलं.'

सून : बाबा?

सासरे : परिच्छेद. ढवळ.

सून : ढवळते. तुम्ही सावकाश वाचा.

सासरे : सावकाशच वाचतोय. 'तो बसून राहिला. होडी आपली आपण चालली होती...' फोन वाजतोय तुझा.

सून : ह्याचाच आहे. थांबा हं. हॅलो. हो, इथेच आहे. नाही, हो म्हणाले नाहीत. मी विचारलंच नाही धड. अरे, बाबा वाचतायत. हो, वाचतायत, मोठ्याने. सूप लावलंय. नाही, ती खोली राहू दे तशीच, आपल्याला कांदे ठेवायला होईल. नंतर बोलते, मध्ये आवाज नको.

सासरे : काय म्हणाला?

सून : काही नाही. म्हणाला, पुढच्या रविवारी मीपण येऊ का?

सासरे : म्हणावं, ये. पण प्रश्नचिन्ह घालून विचार. कुठे होतो मी?

सून : होडी आपली आपण चालली होती.

सासरे : हां. काचा बघितल्यास का?

सून : बघितल्या. समोरचं घर गेलं.

सासरे : जाऊ दे. 'होडी आपली आपण चालली होती, घाई नसल्यासारखी...'

सून : कोणतं पान, बाबा?

सासरे : तिसरं असेल. की चौथं? मोजायचं काम हिचं. बटाटा बघ.

सून : सुरी गेली आत. लोण्यासारखी. आणि वास तर बघा, कसा साधा येतोय. माझ्या सुपाला असा वास कधी आलाच नाही. गॅस बंद करते. पानं घेऊ ना जेवायची? तुमचं एकट्याचं घेऊन निघू, की मीपण थांबू?

सासरे : दोन घे. आणि वाट्या वाजवू नकोस, तो काठाला लागतोय.